सुट्या भागांची रायफल

माझ्या कादंबरीचा नायक वाळवंटात वाट चुकतो, आणि समोर लांडगा आल्यावर पिशवीतली सुट्या भागांची छोटी रायफल जोडून त्याला मारतो. खरी रायफल मी जन्मात पाहिली नव्हती. सगळं वाचून लिहिलेलं. तरीही त्या पाच पानांना सगळ्या मित्रांनी ‘थरारक’ म्हटलं होतं. दुसरी आवृत्ती छापायला जाण्याआधी एकदा खात्री करावी, म्हणून मुलीकडे कुवेतला आलो तेव्हा तिथल्या जहरा शहरातल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात भीत भीत गेलो. तिथला विक्रेता मजीद रत्नागिरीचा निघाला. त्याच्या हाती पुस्तक दिलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरला टेकून त्यानं पाचही पानं सावकाश वाचली.

“पोकळ दस्त्यातनं नळी काढली, बरोबर. आटे फिरवून घट्ट बसवली, तेही बरोबर. काका, तुम्ही फौजेत होता काय?”

“नाही हो, ग्रंथालयात.” मी लाजलो, पण छाती जरा फुगलीच.

त्यानं पानं पुन्हा मागं उलटली. “मग यानं गोळ्या कधी भरल्यान?”

मी पुस्तक घेऊन ओळ न् ओळ शोधली. गोळ्या कुठंच भरलेल्या नव्हत्या.

“लांडगा घाबरून मेला काय?” मजीदनं न हसता विचारलं.



पहिल्या आवृत्तीच्या पाचशे प्रती खपल्या आहेत. पहिला वाचक मला त्या दिवशी भेटला.