बुसानमध्ये शिव्या कुठे खाव्यात

"भवाने, धर्मशाळा आहे का ही, सरळ आत शिरायला?"

मालसुन आजी लसूण सोलता सोलता ओरडली. दारातल्या मुलीनं आधी फोटो काढला, मग माफी मागितली. तिच्या मागे आणखी चौघं होती. त्यांनी नुसतेच फोटो काढले. माफीचं काम पहिलीनं उरकलंच होतं.

दोष पोरांचाही नव्हता. बुसानच्या त्या डोंगरावर घरं एकमेकांच्या खांद्यावर चढून बसलेली. लढाईतून जीव घेऊन पळालेल्यांनी ती बांधली, तेव्हा कुणाला तो डोंगर सुंदर वाटला नव्हता. पुढं कधीतरी एका साहेबाला शोध लागला की गरिबी रंगवली की फार छान दिसते. मग घरं गुलाबी झाली, पिवळी झाली. आजीचं दार निळं झालं. छप्पर गळत होतं ते गळतच राहिलं. त्याचा फोटो काही चांगला येत नव्हता.

तेव्हापासून लोक दार ढकलून आत येत आणि आजी शिव्या देई. "कुजक्या, बूट काढ आधी!" "सटवे, माझे कपडे वाळतायत, त्यांचा कसला फोटो?" मनसोक्त बोलून झालं की ती सुकटीच्या रश्शातल्या शेवयांचा वाडगा समोर आदळे. "आलायस तर गीळ आता. एकटीपुरतं रांधायला जमत नाही मेलं." लोक गिळत, हसत, आणि गंमत म्हणजे पुन्हा येत. एका मुलीची नोकरी गेली, तर ती बातमी तिनं आधी इथं येऊन सांगितली. "बरं झालं, आता तरी वेळेवर जेवशील, मुडदे," आजी म्हणाली आणि तिला दुसरा वाडगा वाढला.

आजीचा मुलगा ब्योंगजू सोलमध्ये एका प्रवास कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. बुसानला गेल्यावर खावं कुठं, राहावं कुठं, पाहावं काय, हे तो साऱ्या देशाला सांगे. कुठल्या हॉटेलच्या कुठल्या खोलीतून समुद्र उशीवरून दिसतो, हे त्याला पाठ होतं. स्वतः मात्र बाप गेल्यापासून तो डोंगर चढला नव्हता. कामंच तेवढी होती. छुसकच्या सणाला आईकडे न चुकता डबाबंद मांसाची रिबीन बांधलेली पेटी पोचे. बापाच्या श्राद्धाला तो फोन करी. "आई, फोन बाबांच्या तसबिरीसमोर धर. मी इथूनच वाकतो." आजी फोन धरून उभी राही. तो वाकला की नाही, हे बाबांनाच ठाऊक.

एक दिवस कचेरीतल्या पोरी एका चित्रफितीवर खिदळत होत्या. "सर, ही शिव्या देणारी आजी आपल्या यादीत हवीच!"

ब्योंगजूनं वाकून पाहिलं. "अरे, ही तर माझी आई!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत आईचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता. त्याच आठवड्यात निळं दार यादीत सगळ्यात वर गेलं आणि समुद्र एक पायरी खाली घसरला. 'अस्सल बुसान. इथल्या शिव्या चुकवू नका.' खुद्द संचालकसाहेब म्हणाले, आपण सगळे जाऊ या. ब्योंगजूला एकाएकी वेळ मिळाला.

शेजारची दगिम धापा टाकत आजीकडे आली. "मालसुन ताई! तुमचा ब्योंगजू येतोय. गाडी भरून माणसं घेऊन!"

आजीनं हात पुसले. केस सारखे केले. ठेवणीतला झगा काढून अंगावर चढवला. त्या घाईत चुलीवरचा रस्सा उतू गेला, पण ती त्याच्यावरही ओरडली नाही.

ब्योंगजू आत आला. मागून साहेब, त्यामागून कचेरी. दारातल्या गर्दीतही कुजबुज झाली की मुलगा आला, आता खरी मजा. सगळ्यांचे फोन वर झाले.

"आई, मी आलो!" त्यानं साहेबांकडे पाहून डोळा मारला. "हं, कर सुरू. चांगली ठेवणीतली दे!"

आजी उठली. मोठ्या दुकानांच्या दारातल्या बाया गिऱ्हाइकासमोर वाकतात तशी कमरेत वाकली.

"यावं. फार लांबून आलात. बसावं आपण. पाणी आणू का?"

साहेबांना वाटलं, ही प्रस्तावना असेल. ते थांबले. पुढं काहीच आलं नाही.

"आई, अगं, असं काय करतेस? मी ब्योंगजू."

"हो का? छान नाव आहे आपलं."

ब्योंगजूचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. लहानपणी तो याच पायऱ्यांवरून पडला होता, तेव्हा त्याला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात पोचेस्तोवर आई त्याच्या सात पिढ्या उद्धरत होती. सोलच्या गाडीत बसवताना तिनं फलाटावरून अशा शिव्या घातल्या होत्या की डब्यातल्या माणसांनी माना वळवल्या होत्या. 'आपण' म्हणून ती त्याच्याशी जन्मात बोलली नव्हती.

"आजीबाई फारच सभ्य निघाल्या," साहेब म्हणाले. त्यांनी फोन खिशात टाकला. कचेरी त्यांच्यामागून समुद्राकाठच्या जेवणाकडे निघून गेली.

ब्योंगजू गेला नाही. सकाळीच शिव्या खाऊन आत आलेली एक मुलगी अजून कोपऱ्यात खाली मान घालून शेवया खात होती. तो आईसमोर उकिडवा बसला. त्याचा आवाज पार खाली गेला होता.

"आई, एक तरी शिवी दे ना गं."

"शिव्या मी आपल्या माणसांना देते."

"आणि ही दिवसभर येणारी परकी माणसं? त्यांना कशा देतेस?"

आजीनं त्या मुलीच्या रिकाम्या वाडग्यात रस्सा ओतला.

"परकी कशी? ती येतात."