मागची सीट

गोलाकार मांडलेल्या नऊ सिलिंडरांचं ते जुनं विमानाचं इंजिन सासूने वर्षभर खपून जुळवलं होतं, आणि आज सून ते पहिल्यांदा आकाशात नेणार होती. इंजिन जुळवणाऱ्याने पहिल्या फेरीला मागच्या सीटवर बसायचं, असा वर्कशॉपचा रिवाज. मुलगा आडवा येणार हे ओळखून म्हातारी आधीच चढून बसली होती.

"आई, खाली उतर!" तो आलाच धावत. "तुझ्याहून म्हातारं इंजिन आहे ते. वर बंद पडलं म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या बायकोचं काही होणार नाही वाटतं?"

पुढून सूनबाई हसू दाबत म्हणाली, "आई, पट्टा आवळलात ना?"

"आवळला गं. तू कर सुरू."

मुलगा हटेना. "स्वतःच्या कामावर एवढा भरवसा आहे, मग बसून दाखवायची गरज काय?"

"दाखवायला कोण बसतंय? इथे मलाच बसायचंय, हे वर्षभर डोक्यात होतं, म्हणून एकेक नट तीनतीनदा तपासला. आज उतरले, तर पुढच्या इंजिनाला हाच हात ढिला पडेल. हो बाजूला!"