गोड बोलणारा कॉम्प्युटर

“हात लावला अन् बिघडलं तं?” रुपीबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही बिघडत, मावशी. आता तो आपल्यासारखाच बोलते,” उर्वशी म्हणाली.

घाटंजीच्या देशी बियाणे बँकेची अकरा वर्षांची यादी त्या कॉम्प्युटरमध्ये होती. कोणत्या तांड्यावर, कोणाच्या घरी, कोणतं बी जपून ठेवलंय, ते सगळं. वह्यांना वाळवी लागली तेव्हापासून कागदावर काहीच नव्हतं. पेरणी पंधरा दिवसांवर आली होती आणि उर्वशी सोमवारी पुण्याला नोकरीवर निघणार होती. आज रुपीबाईंना एकटीनं जमलं, तरच यादी त्यांच्या हाती द्यायची, असं ठरलं होतं.

जुना प्रोग्राम म्हणजे नुसता काळा पडदा. त्यावर हुकूम लिहायचा. एक अक्षर चुकलं की तो इंग्रजीत डाफरायचा. बाया उठून पळायच्या. दोन महिने खपून उर्वशीनं त्याला माणसात आणलं. पडदा तोच, लिहायचंही तसंच. पण काही चुकलं तर आता तो स्वतःच अंदाज बांधून मराठीत विचारायचा, ‘मावशी, तुम्हाला हे करायचं होतं का?’ आपण ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलं की झालं.

“मी बाहेर बसते,” उर्वशी म्हणाली. “हाक मारली तरी येणार नाही.”

“आतापासूनच सासू झाली का वं तू?” म्हणत रुपीबाई खुर्चीवर बसल्या.

बाहेर ओट्यावर बँकेच्या प्रमुख सत्यशीलाबाई होत्या. “जमन का तिले?” त्या हळूच म्हणाल्या. “लई भोळी हाय. काल म्या आग्रह केला तं बिचारी दोनदा जेवली.”

आतून एकेक कळ दाबल्याचा आवाज येत होता. मध्येच थांबला. उर्वशी उठू लागली, पण पुन्हा बसली. पुन्हा कळा वाजल्या, आणि मग चक्क रुपीबाईंचं हसणं ऐकू आलं. त्या काळ्या पडद्यासमोर आजवर कोणी हसलं नव्हतं.

वीस मिनिटांनी रुपीबाई पदर सावरत बाहेर आल्या. चेहरा नुसता उजळलेला.

“बरबटीचं बी शोधलं. रुक्माबाईचं नाव चढवलं. अन् एक हाक नाही मारली.”

उर्वशीनं त्यांना मिठीच मारली. सत्यशीलाबाईंनी कमरेला खोचलेली बँकेची किल्ली काढून रुपीबाईंच्या हातात ठेवली.

“कुठं अडलं नाही ना, मावशी?”

“शेवटी एकदा चुकलं न. पण रागावला नाही थो. उलटा मलेच विचारते, ‘मावशी, तुम्हाला सगळी यादी पुसायची होती का?’ मंग म्हणे, ‘जुनी प्रतही पुसू का?’ इतक्या मायेनं कोनी विचारून राह्यलं तं नाही कसं म्हनू, बेटा? दोन्ही डाव ‘हो’ लिहिलं.”