तिसरी पाळी

दोनच खुर्च्या रिकाम्या होत्या. एक दाराशी, दुसरी पार त्या टोकाला, खिडकीला चिकटून. मधे सगळी पोरंपोरी लॅपटॉप उघडून, कानात बोंडं घालून बसलेली.

"पूर्वी एका बाकावर सात जण मावायचो," भोंगा म्हणाला. "आता एकेकाला टेबल लागतं, आणि पिशवीला वेगळी खुर्ची!"

गुत्ता बंद होऊन तिथे कॉफीचं दुकान झालं त्याला बरीच वर्षं झाली होती, पण भोंग्याच्या तोंडी अजून गुत्ताच. आज तोच हट्टाने जॉबरला, गिरणीतल्या आपल्या जुन्या मुकादमाला, इथे घेऊन आला होता. जॉबर उद्या गाव सोडणार होता. मुलाकडे, कायमचा. जायच्या आधी एकदा गुत्त्यात बसायचं, एवढंच ठरलं होतं.

जॉबर खिडकीपाशी जाऊन बसला, भोंगा दाराशी टेकला. टेकल्या टेकल्या ओरडला, "सामान बांधून झालं का रे?"

अख्खं दुकान दचकलं. भोंगा हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. गिरणीच्या मागखात्यात कापड विणण्यात अर्धं आयुष्य गेलं, त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज तेवढा राहिला.

"झालं!" जॉबरही तिकडून तेवढ्याच जोरात. "सकाळी पोरगा गाडी घेऊन येतोय!"

"खाट नेतोयस का?"

"कशाला? त्याच्याकडे बटणावर वरखाली होणारी खाट आहे!"

"जपून रे बाबा! झोपेत बटण दाबलंस तर सूनबाईला तुला छतावरून सोडवावं लागेल!"

गल्ल्यावरची मुलगी कप घेऊन आली. "काका, जरा हळू बोलता का? इथे लोक काम करतायत."

"काम?" भोंग्याने चौफेर नजर टाकली. "कुठाय? आवाज तर काहीच येत नाही."

ती हसली, पण ओठांवर बोट ठेवलंच. भोंग्याने कपात डोकावून पाहिलं. फेसावर पान काढलेलं. "ताई," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ह्याच्यात झाडाचं काहीतरी पडलंय."

ती गेली. भोंग्याने जॉबरकडे पाहिलं आणि दोन बोटं नाकाला लावली.

मागखात्यातली खूण ती. साहेब आलाय, तोंड सांभाळा.

जॉबरचे डोळे लकाकले. मागखात्यात कोणाचं कोणाला ऐकूच यायचं नाही. बोलायचं ते नुसत्या ओठांनी आणि हातांनी, चार रांगा पलीकडच्या माणसाशी. लग्नं तशीच जमली, भांडणंही तशीच झाली, आणि एकदा तर साहेबाच्या नाकासमोर अख्खा संप ठरला, साहेबाला पत्ता नाही.

जॉबरचे ओठ हलले. "गुत्त्याचा मालक उभा राहायचा तिथे कुंडी ठेवलीय बघ."

"झाड खोटं आहे," भोंग्याचे ओठ.

"मालकाची दारू तरी कुठे खरी होती!"

"तुझी बायको गुत्त्याला तिसरी पाळी म्हणायची."

"तुझी तर दारात येऊन हजेरी घ्यायची. आणि तू बाकाखाली."

"बाकाखाली तू. मी मोरीत."

दोघांचे खांदे गदागदा हलत होते. आवाज मात्र टाचणीएवढाही नाही. गल्ल्यावरची मुलगी कप पुसायचं थांबवून एकदा ह्या म्हाताऱ्याकडे, एकदा त्या म्हाताऱ्याकडे बघत होती.

डोळे पुसता पुसता भोंग्याचे ओठ पुन्हा हलले. महिनाभर जे मोठ्याने म्हणायला जमलं नव्हतं, ते असं सहज निघून गेलं.

"जाऊ नको."

जॉबरने वाचलं. नक्की वाचलं, कारण त्याचा कप हवेतच थांबला.

"माझ्याकडची आतली खोली रिकामीच आहे. दोघं राहू. भांडायला तरी कोणी..."

जॉबरने मान वळवली आणि खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर काय होतं बघण्यासारखं? गिरणी होती तिथे गाड्या लावायची जागा, आणि आता दिवेलागणीला तीही काळोखात बुडालेली.

मागखात्यात ह्याच्याइतकं वाईट काही नसे. बघितलं नाही म्हणजे ऐकलं नाही. त्यावर उपाय एकच असायचा: सुताचा बोळा करायचा आणि नेम धरून हाणायचा.

भोंग्याने कागदी रुमाल चुरगळला आणि मारला. पहिला बोळा जॉबरच्या खांद्यावर लागला. जॉबर ढिम्म. दुसरा एका दाढीवाल्या पोराच्या लॅपटॉपवर पडला.

पोराने कानातलं बोंड काढून वर पाहिलं. भोंग्याने घाईघाईने हात जोडले, मग खिडकीकडे बोट दाखवलं. पोरगा समजूतदार निघाला. उठला, खिडकीपाशी गेला, जॉबरच्या खांद्याला हळूच हात लावला. पोरगा पाठमोरा नव्हता, त्यामुळे दाढीतूनही भोंग्याला त्याचं बोलणं कळलं. "आजोबा, ते तुम्हाला काहीतरी सांगतायत."

जॉबर वळला नाही. पण खिडकीच्या काळ्या काचेत त्याचा चेहरा लख्ख दिसत होता. भोंग्याने चष्मा सारखा केला. काचेतले ओठ हलले. आवाज दारापर्यंत आला नाही, यायची गरजही नव्हती.

"माहितीये मला. म्हणून तर तिकडे बघत नाहीये."