मुंडाची लढाई

"डावी बगल पुन्हा उघडी टाकलीस," बळवंतराव म्हणाले आणि मूठभर राजमा त्यांनी पुढे सरकवला.

विश्वजितने आपल्या छोल्यांकडे पाहिलं. उपड्या घातलेल्या परातीवर, म्हणजे टेकडीवर, त्याचं सैन्य दाटीवाटीने उभं होतं. राजमा रोमच्या सीझरचा, छोले त्याचा वैरी पॉम्पे याच्या मुलाचे. त्याचे वडील मेजर जनरल बळवंतराव शितोळे, निवृत्त, यांनी सीझरशिवाय दुसरं कोणी व्हायचं म्हणजे सूर्याने पश्चिमेला उगवायचं. उरला पॉम्पेचा मुलगा. मोठ्या सेनापतीचं पोर. बाप मारला गेलेला, बाजू पडती, तरी परमुलखात जाऊन लढायची खुमखुमी काही जात नाही. स्पेनमधल्या मुंडा गावापाशी तो एकदाच हरला होता. गुरुग्रामच्या या चौदाव्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलावर, तो रोज संध्याकाळी हरत होता.

स्वयंपाकाला येणारी रिंकू पहिल्यांदा ऐकून हसत सुटली होती. "मुंडे की लड़ाई? भैया, आपकी शादी का चक्कर है क्या?" पंजाबीत मुंडा म्हणजे मुलगा.

विश्वजितला आता हसू येत नव्हतं. त्याला या रोमचा वीट आला होता.

गेल्या वर्षी आई गेली आणि पाठोपाठ मानेसरच्या कारखान्यातली त्याची नोकरी गेली. घरात दोन पुरुष उरले. बोलायचं खातं आईकडे होतं, ते पुढे कोणी उचललं नाही. दोघांची झोप उडाली. शेवटी दोघेही डॉक्टरांकडे गेले, शेजारी शेजारी बसले. डॉक्टरांनी रिपोर्ट चाळले आणि मान वर न करता सांगितलं, "नींद आ जाएगी। बस इनको अकेला मत छोड़िए। और रोज़ थोड़ी एक्सरसाइज़ कराइए।"

विश्वजितने मान डोलावली. बाबांनीही डोलावली.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी त्याच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. "चलो, उठ. एक्सरसाइज." तो कपाळावर आठ्या घालून, बूट चढवून बाहेर आला, तर टेबलावर सैन्य मांडलेलं. फौजेत जन्म काढलेल्या माणसाला एक्सरसाइज म्हणजे एकच गोष्ट ठाऊक. वाळूत डोंगर-नद्या उभ्या करायच्या आणि लुटुपुटीचं युद्ध लढायचं. विश्वजितने निमूटपणे बूट काढले. म्हाताऱ्याचं मन रमतंय ना, मग चालणं काय आणि राजमा काय.

तेव्हापासून तो हरत होता. मुद्दाम. एकदोनदा हातून चुकून चांगली चाल पडली आणि सीझर कोंडीत सापडला. बाबांना बाहेर पडायला वाट मोकळी होती, तरी त्यांनी राजमा हलवलाच नाही. नजर अधू होत चालली की काय, असं विश्वजितला वाटून गेलं. हल्ली खेळताना ते लढाईचं पुस्तक तोंडासमोर धरून जांभयाही देत. औषधांची गुंगी असेल, दुसरं काय.

आज मात्र त्याचं लक्ष टेबलावर नव्हतं. मस्कतच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं होतं. काम त्याच्या हातचं, पण राहायचं एकट्याने, घरचं माणूस नेता येणार नाही. आज उत्तर द्यायचं होतं. त्याला जायचं होतं. यंत्रांच्या तेलाचा वास घरात बसल्या जागी येई, इतकं जायचं होतं.

"बाबा, समजा मी काही दिवस बाहेरगावी गेलो तर?"

बळवंतरावांचा हात राजम्यावरच थांबला. "कुठे?"

"असंच विचारतोय."

"एकटाच?"

"हो. पण तुमचा खेळ अडायचा नाही. रिंकू बसेल की."

"तिला बगल आणि पिछाडी यांतला फरक कळत नाही." मग हलक्या आवाजात, "जायचंय का तुला?"

"नाही हो. मी कुठे जाणार?"

"अच्छा," म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. विश्वजितला तो स्वच्छ ऐकू आला.

"हे लोक हरले कशाने, ठाऊक आहे?" बाबा छोल्यांकडे बोट दाखवत म्हणाले. "यांचा एक सरदार छावणी वाचवायला म्हणून मागे वळला. बाकीच्यांना वाटलं, पळाला. मग सगळेच पळत सुटले."

"कोणीतरी विचारायचं ना त्याला."

"विचारत नाहीत," बाबा म्हणाले. "आपलं आपण समजून घेतात."

तेवढ्यात साताऱ्याहून क्षिप्राचा फोन आला. लेकीचा फोन आला की बाबा नेहमी बाल्कनीत जात आणि काचेचं दार ओढून घेत. ते गेले.

विश्वजितने मोबाइल काढला. घरगुती अडचणीमुळे येता येत नाही, क्षमस्व, एवढंच लिहिलं आणि पाठवून दिलं. त्याने छोले आणि राजमा आपापल्या डब्यांत भरले, आल्याचा चहा केला आणि बाबांचा कप घेऊन बाल्कनीकडे निघाला. दार आज पुरतं लागलं नव्हतं.

"नाही ग, क्षिप्रा, कसा येऊ?" बाबा सांगत होते. "मला काय इथे राहायची हौस आहे? साताऱ्याच्या घराची चावी उशाशी घेऊन झोपतो मी. त्या रोमने तर जीव नकोसा केलाय. एकदा तरी जिंकू दे म्हणून त्याला वाट मोकळी सोडतो, तर तो तीही घेत नाही, इतकं मन खचलंय पोराचं. आणि आज विचारतो, एकटा कुठे निघून जाऊ का म्हणून. नाही, पोरी, त्याला टाकून नाही येता यायचं. तुला सांगितलं होतं ना, मी त्याला दाखवायला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टर मला काय म्हणाला? इनको अकेला मत छोड़िए."