उत्कृष्ट माता

आमच्या ह्यांनी प्रदर्शनासाठी पाळलेल्या पांढऱ्या सशिणीनं आपल्या पिल्लांना पाजलंच नाही. मग ह्यांनी साध्या करड्या सशिणीची पिल्लं उचलून फेकली आणि पांढरीची सहा तिच्या पोटाखाली सरकवली. करडीनं ती गुबगुबीत केली.

राजारामपुरीतल्या प्रदर्शनात ती सहा पिल्लं घेऊन पांढरी बसली आणि 'उत्कृष्ट माता' ठरली. त्या आनंदात ह्यांनी परीक्षकांना बावड्याला घरी जेवायला आणलं.

"वहिनी, रस्सा एक नंबर झालाय की!"

ताटाशेजारी मिरवत ठेवलेला बक्षिसाचा कप मी उचलला आणि पातेल्यातला रस्सा त्यात ओतला.


"साहेब, ती पिल्लं ज्या करडीनं पाजली, तिलाच कापलंया ह्यांनी. घ्या, आत्ता कप खऱ्या आईला मिळाला!"