ठोंब्याची शेवटची परीक्षा

अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणं हे माझं काम. एकेक कुत्रं दीड वर्ष हाताखाली असतं, मग ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं. देताना डोळे पुसणाऱ्या नवशिक्यांना मी चांगलाच फैलावर घेतो. "लळा लावायचा तो कामापुरता," हे माझं ठरलेलं वाक्य.

ठोंब्याला मी एका टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या हवाली केलं आणि महिनाभर त्याच्यासमोर गेलो नाही. मग शेवटची परीक्षा आली. ती सगळ्यांना सारखीच असते. बाई ठोंब्याला घेऊन फुटपाथवरून चालणार, समोरून मी येणार आणि अनोळखी माणसासारखा शेजारून निघून जाणार. मला बघून कुत्रा थांबला, की नापास.

मी गेलो. हाक मारली नाही, हात लावला नाही, पुढे गेल्यावर वळूनही बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या परीक्षकांनी कागदावर 'पास' लिहिलं.

नंतर ऑफिसात बाई सही करायला बसल्या. ठोंब्या त्यांच्या खुर्चीला टेकून बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मला काही राहवेना.

"बाई, खरं सांगा. मी जवळून गेलो तेव्हा हा जरासुद्धा थांबला नाही?"

"छे हो, हा आपला सरळ चालत होता," बाई म्हणाल्या. "पावलं थांबली ती तुमची."